पाव आणि बाट

नॉर्वे देशांत घरोघरीं भाजला जाणारा गोड पाव फोडला, कीं वेलदोड्याचा सुवास दरवळतो. वेलदोडा मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण भागांतला. पण मैद्यांत लोणी, दूध, साखर व वेलदोड्याची पूड घालून, पीठ यीस्टनें फुगवून घरच्याच भट्टींत पाव भाजणें तिकडील गृहिणीस जितकें सहज, तितकेंच तें महाराष्ट्रांतील गृहिणीस दीर्घकाळ दुर्घट होतें. भट्टीचा अभाव हें त्याचें एकच कारण नव्हे.

पीठ आंबविणें आपल्या स्वयंपाकघरास परकें नव्हतें. आंबोळी व जिलबी आंबलेल्या पिठाच्याच. आक्षेप होता तो पीठ मळणाऱ्या हातावर व त्यांत पडणाऱ्या पाण्यावर. पाव हा शब्द पोर्तुगीज. इ. स. १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें आणि तेथें पावाच्या भट्ट्या पेटल्या. यीस्ट दुर्मिळ, म्हणून पीठ फुगविण्यास माडी वापरीत. भाजणारा ख्रिस्ती आणि पिठांत माडी, असा दुहेरी दोष पावास चिकटला. विहिरींत पाव टाकून गांवच्या गांव बाटविल्याची आख्यायिका याच भीतींतून लोकांच्या तोंडीं राहिली.

या भीतीवरच परमहंस सभेनें घाव घातला. मुंबईस १८४९ सालीं स्थापन झालेल्या या गुप्त सभेंत ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खाणें ही प्रवेशाची कसोटी होती. मात्र १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि सभा मोडली. गुप्तपणें पाव खाण्याचें धैर्य होतें, उघडपणें तें कबूल करण्याचें नव्हतें.

तो प्रसंग पुढच्या पिढीवर आला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं झालेल्या चहापानाची वार्ता गोपाळराव जोश्यांनीं नांवानिशीं प्रसिद्ध करविली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या सुधारकाग्रणीलाही १८९२ मध्यें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. अन्नापेक्षां तें देणाऱ्या हाताचाच विचार समाज अधिक करीत होता.

आज त्याच नाशिकांत मिसळीच्या ताटांत पाव येतो आणि तो कोणी भाजला, हें कोणी विचारीत नाहीं. वेलदोडा समुद्रापार जाऊन परक्या घरांत सुखानें नांदला. परका पाव मात्र आपल्या उंबरठ्यावर शतकें तिष्ठत राहिला. या अवधींत बदललें तें पीठ नव्हे. बदललें तें मन.