दिनचर, निशाचर आणि संधिप्रकाशचर प्राणी
दिवसा सक्रिय असणाऱ्या प्राण्यांना दिनचर, रात्री सक्रिय असणाऱ्यांना निशाचर आणि पहाटे व सायंकाळी अंधुक उजेडात वावरणाऱ्यांना संधिप्रकाशचर म्हणतात. खार व मोर दिनचर आहेत, तर साळिंदर व गव्हाणी घुबड निशाचर. ससे बहुधा संधिप्रकाशचर असतात. अनेक निशाचर सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे विजेरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात.

हे वर्गीकरण काटेकोर नाही. ऋतुमान, भक्ष्याची उपलब्धता आणि मानवी वावर यांनुसार सक्रियतेची वेळ बदलते. ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीच्या माहितीचे विश्लेषण २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माणसांचा वावर वाढलेल्या ठिकाणी हे प्राणी रात्री अधिक सक्रिय होतात, असे त्यात आढळले. त्यामुळे एखादा प्राणी निशाचर दिसला, तरी ती त्याची मूळ सवय असेलच असे नाही.