ताप उतरल्यावर

२००६ साली जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावी आईला ताप आला. चार दिवसांत तो उतरला, पण बोटे, मनगटे आणि घोटे महिनोन्महिने सुजलेले राहिले. भाकरी थापायला तळहात टेकवता येईना. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा एका डॉक्टरांनी दुखणे मनाचे ठरवले. आई एवढेच म्हणाली, "ताप गेला, पण अंगातला राग काय जाईना." त्या वाक्याचा माग काढत मी जुने अहवाल वाचू लागलो.

आजार होता चिकुनगुन्या. हे नाव आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतले, अर्थ 'वाकवून टाकणारा'. १९५२ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, त्याची मोठी साथ आली. १९६३ मध्ये तो कोलकात्यात दिसला. १९७३ मध्ये आमच्या भागातली माणसे जिथे बाजाराला जात, त्या बार्शीत साथ उसळली. पुढची तीन दशके सामसूम होती. २००० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या यवतला डासांत हा विषाणू सापडला, तो आफ्रिकी वंशाचा. बार्शीचा आशियाई वंशाचा होता. २००५-०६ ची देशव्यापी साथही आफ्रिकी वंशाचीच निघाली. २००६ मध्ये देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले.

साथीचे कागद ताप मोजतात. ताप उतरला की नोंद संपते. दुखणे मोजायला वेगळी नजर लागते. कर्जत तालुक्यापासून भीमेपलीकडे असलेल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने ती दाखवली. घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले, कुठे दुखते? शंभरांत सुमारे १८ जणांनी हाडासांध्यांची तक्रार सांगितली. आमवात मात्र दोनशेंत साधारण एकालाच होता.

मग आईच्या सांध्यांत काय चालले होते? उत्तरासाठी शतकभर मागे जावे लागते. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना येथे इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचला. फिरत्या पेशी काट्याभोवती जमल्या. शरीराचे हे जन्मजात पहारेकरी, म्हणजे भक्षकपेशी. पॉल एर्लिख यांचा भर रक्तातल्या प्रतिपिंडांवर होता, आणि शरीर स्वतःवर उलटणे टाळते, असे त्यांचे मत होते. १९०८ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले. पण पुढे बोलबाला प्रतिपिंडांचाच राहिला. शरीर स्वतःवर उलटते, हे मान्य झाल्यावरही दोष शिकाऊ पेशींवर आणि त्यांच्या प्रतिपिंडांवर गेला. भक्षकपेशी झाडूवाल्या ठरल्या.

१९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी विचारले, शिकाऊ पेशींना उठवणारी पहिली हाळी देते कोण? उत्तर जन्मजात पहाऱ्याकडेच होते. त्या पहाऱ्याची ओळखयंत्रणा शोधणाऱ्यांना २०११ चे नोबेल मिळाले. तोवर आमवातातही धागा जुळला होता. सुजलेल्या सांध्यातल्या भक्षकपेशी टीएनएफ नावाचे द्रव्य सोडतात. १९९२ मध्ये लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी यांनी रुग्णांमध्ये ते रोखून पाहिले, आणि सूज उतरली. म्हणजे प्रतिपिंडांच्या आजारातही आग धुमसत ठेवण्यात पहारेकऱ्यांचा हात होता.

चिकुनगुन्यातही विषाणू सांध्यात शिरतो आणि भक्षकपेशी तिथे गर्दी करतात. रियुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्यातल्या भक्षकपेशींत लागण झाल्यानंतर १८ महिन्यांनीही विषाणूचे अवशेष सापडले. याला सरळ स्वयंप्रतिकार आजार म्हणावे का, यावर मतभेद आहेत. पण आमवाताची ठरावीक प्रतिपिंडे यातल्या बहुतेक रुग्णांत सापडत नाहीत. डॉक्टर रक्तात प्रतिपिंडे शोधत होते, आणि पहारेकरी सांध्यात बसून होते.

आईचा अहवाल कोरा होता, पण दुखणे खोटे नव्हते. हे मला कळायला बरीच वर्षे लागली. त्या वर्षीच्या कागदांत आई असलीच, तर तापाचा एक आकडा म्हणून असेल. पुढच्या साथीत नोंदवहीत आणखी एक रकाना हवा: ताप उतरल्यावर, कुठे दुखते?