वायएमसीएचा इतिहास आणि आंबेडकरी तरुणांपुढचा प्रश्न

ख्रिस्ती संस्थांविषयी आपल्याकडे दोनच पद्धतीने बोलले जाते. हिंदुत्ववाद्यांच्या मते शाळा, दवाखाना, वसतिगृह हे सगळे धर्मांतराचे सापळे आहेत. त्यांना उत्तर देण्याच्या भरात आपल्यातलेही काहीजण मिशनऱ्यांनीच आपल्याला माणूस केले, असे म्हणून मोकळे होतात. इतिहास मात्र दोन्ही बाजू वाचत नाहीत. 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' म्हणजेच वायएमसीए या संस्थेचा इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. त्यात घेण्यासारखे बरेच आहे आणि सावध होण्यासारखेही तितकेच आहे.

6 जून 1844 रोजी लंडनमध्ये ही संस्था स्थापन झाली. तिचा संस्थापक जॉर्ज विल्यम्स हा ना पाद्री होता ना जमीनदार. तो कापडाच्या दुकानातला नोकर होता. औद्योगिक क्रांतीने खेड्यातली पोरे शहरात आणून ओतली होती. दिवसभर दुकानात राबायचे आणि रात्री दुकानाच्याच वरच्या खोल्यांत दाटीवाटीने झोपायचे, असे त्यांचे जगणे. फावल्या वेळात जाण्यासारखी जागा म्हणजे दारूचा गुत्ता. विल्यम्स आणि त्याचे सोबती प्रार्थना व बायबल वाचनासाठी एकत्र आले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो त्यांनी लपवलाही नाही. पण शहरात एकट्या पडलेल्या तरुणाला आधी बसायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले. त्यातून पुढे वाचनालय, व्याख्याने, रात्रीचे वर्ग, वसतिगृह आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. 1891 मध्ये बास्केटबॉल आणि 1895 मध्ये व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ अमेरिकेत वायएमसीएच्याच शिक्षकांनी तयार केले.

संस्था टिकली ती केवळ श्रद्धेवर नाही. सभासदांची वर्गणी, गावातूनच उभा केलेला निधी, हिशेब ठेवणारी समिती आणि पूर्ण वेळ पगारी सचिव ही तिची घडण होती. पुढारी बदलला तरी संध्याकाळी वाचनालयाचे दार उघडत असे.

आता दुसरी बाजू. ख्रिस्तापुढे सगळे समान असे सांगणाऱ्या या संस्थेने अमेरिकेत काळ्या तरुणांना गोऱ्यांच्या इमारतीत घेतले नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे स्वातंत्र्य मिळवलेल्या अँथनी बोवेन यांनी 1853 मध्ये वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांची पहिली वायएमसीए स्थापन केली. अमेरिकेतली गुलामगिरी संपायला तेव्हा आणखी बारा वर्षे होती. पुढे 1910 च्या सुमारास ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने एक योजना जाहीर केली. कृष्णवर्णीयांच्या वायएमसीए इमारतीसाठी जे शहर 75,000 डॉलर जमवेल, त्याला तो 25,000 डॉलर देणार होता. या पैशातून दोन डझनांच्या आसपास इमारती झाल्या. त्यांत स्वतः कृष्णवर्णीय कामगारांनी दिलेल्या वर्गण्याही होत्या. देणगी मोठी होती, पण वर्णभेदाची भिंत तिने पाडली नाही. भिंतीच्या अलीकडे चांगली इमारत बांधून दिली, इतकेच.

अशा वेळी काय करायचे? भेदभावाची इमारत म्हणून तिच्यावर बहिष्कार टाकायचा, की तिच्यात शिरून स्वतःचे काम उभे करायचे? शिकागोच्या वाबाश अव्हेन्यूवरील वायएमसीएने याचे एक उत्तर दिले. सप्टेंबर 1915 मध्ये कार्टर वुडसन यांनी तिथे काही सहकाऱ्यांना बोलावले आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. ज्यांना इतिहासच नाही असे म्हटले जात होते, त्यांनी आपला इतिहास लिहायला घेतला. 1926 मध्ये वुडसन यांनी सुरू केलेल्या 'निग्रो हिस्टरी वीक'मधूनच आजचा 'ब्लॅक हिस्टरी मंथ' आला. गोऱ्यांनी वेगळी दिलेली खोली काळ्यांनी चळवळीची खोली केली. म्हणून वेगळेपणाचा अन्याय मात्र न्याय ठरत नाही. वायएमसीएच्या अमेरिकन राष्ट्रीय परिषदेने वर्णभेद संपवण्याचा ठराव केला तो 1946 मध्ये, म्हणजे लंडनच्या स्थापनेनंतर 102 वर्षांनी. त्याच वर्षी बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधले होते.

भारतात ही संस्था 1857 मध्ये कलकत्त्यात आणि 1875 मध्ये मुंबईत आली. 1916 मध्ये के. टी. पॉल हे तिचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. त्यांनी संस्थेला शहरातून खेड्याकडे नेले आणि सहकारी पतपुरवठ्यावर भर दिला. 1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेत हेच पॉल भारतीय ख्रिश्चनांचे प्रतिनिधी होते आणि बाबासाहेब अस्पृश्यांचे. पण ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी लिहिले, तेव्हा मिशनच्या सेवेपुढे ते भारावून गेले नाहीत. चर्चमध्ये जात तशीच राहिली, मिशनच्या शिक्षणाचा लाभ बहुतांशी उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला आणि धर्मांतरितांवरच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध मिशन लढले नाही, ही त्यांची टीका होती. सेवा नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. हक्काचा लढा सोडून केलेली सेवा अपुरी आहे, हा मुद्दा होता.

या कसोटीवर बाबासाहेबांचे स्वतःचे काम पाहा. 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने 1925 मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुण जुगार व दारूकडे वळू नयेत म्हणून महार हॉकी क्लबही चालवला. वसतिगृह, वाचनालय, खेळ हीच ती त्रिसूत्री. फरक पुढे आहे. अवघ्या तीन वर्षांत, 1927 मध्ये, हीच चळवळ महाडच्या चवदार तळ्यावर पोहोचली. वायएमसीएच्या सेवेला वर्णभेद नाकारायला शतक लागले, कारण सेवा करणारा आणि अन्याय सोसणारा ही माणसे वेगळी होती. आपल्याकडे ती एकच होती.

बौद्धांनीही हा आराखडा उचलला होता. श्रीलंकेत 1898 मध्ये 'यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन' निघाली. 1950 मध्ये बाबासाहेबांनी कोलंबोत याच संस्थेपुढे भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर भाषण केले. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले की, भिक्खू हा परिपूर्ण मानव असावा की समाजसेवक? तो प्रश्न केवळ चीवरधाऱ्यांसाठी नाही.

आज आपल्या वस्तीत जयंतीला डीजे लागतो आणि त्यासाठी वर्गणीही जमते. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा दहा बाय दहाच्या घरात, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतो. समाजमंदिराला कुलूप असते आणि किल्ली अध्यक्षाच्या खिशात. एका दुकानातल्या नोकरांनी जमवलेली संस्था जगभर पसरते आणि आपली मंडळे अध्यक्षपदावरून फुटतात, याचा विचार व्हायला हवा.

वायएमसीएकडून धर्म घेण्याची गरज नाही, तिची शिस्त घ्यावी. प्रत्येक विहारात रोज उघडणारी अभ्यासिका, भिंतीवर लावलेला महिन्याचा हिशेब आणि मानधन घेऊन जबाबदारीने काम करणारा एक कार्यकर्ता, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. त्या अभ्यासिकेत मुलींनाही बसता आले पाहिजे आणि पोटजात विचारली जाता कामा नये. नाहीतर आपण वायएमसीएचीच चूक आपल्या झेंड्याखाली करू.

जय भीम!