पेठ आणि स्टेशन

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, पवना खोऱ्यात, तिकोणा पेठ नावाचे गाव आहे. पेठ म्हणजे बाजार. गडावरील शिबंदीला धान्य, तेल, दोरखंड पुरवणारी वस्ती गडाखाली वसे, तिला हे नाव मिळे. आज मात्र या गावाची ओळख भातखाचरांची आणि गडाकडे जाणाऱ्या वाटेची आहे. मावळचा मोठा बाजार भरतो तो लोणावळा, वडगाव, तळेगाव अशा रेल्वेकाठच्या गावांत. पेठ डोंगरातून लोहमार्गावर कशी आली, ती हकिकत तेथे सहलीला आणि आध्यात्मिक साधनेला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनी जाणून घेण्याजोगी आहे.

मावळ हा शेतकऱ्यांचा मुलूख. कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘मामाल’ या नावाने तो भेटतो. भिक्षूंच्या निर्वाहासाठी गाव दान दिल्याची नोंदही तेथेच आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील पीक दुसऱ्यांच्या पोटाला जात होते. लोणावळा हे नावही लेण्यांवरूनच, ‘लेणावली’वरून, आल्याचे सांगतात.

पर्यटकांच्या पुस्तिकांत मात्र वेगळीच कथा छापलेली असते: मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८७१ साली लोणावळा-खंडाळा ‘शोधून काढले’. हे लॉर्डसाहेब १८६० सालीच निवर्तले होते! आणि नांगरलेली जमीन शोधून काढायची म्हणजे काय, हा प्रश्न निराळाच.

लोणावळ्याला शहर केले ते रेल्वेने. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ साली सुरू झाली, पण पुढे बोरघाट आडवा होता. तोवर उतारूंना पालखीने किंवा तट्टावर बसून घाट उतरावा लागे. १८५६ साली सुरू झालेले घाटाचे काम १८६३ च्या एप्रिलमध्ये संपले. सुमारे पंधरा मैलांत पंचवीस बोगदे खोदावे लागले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर त्यावर राबत होते. कॉलऱ्याने, तापाने आणि दरडी कोसळून हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे पोहोचताच थोड्याच दिवसांत वारला. काम पुढे रेटले त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने. तिचे नाव इतिहासात राहिले, पाटी वाहणाऱ्या बायांचे राहिले नाही.

मग बंगले आले, १८७७ साली नगरपालिका आली. रेल्वेच्या नोकरीपाठोपाठ गोव्याची, मुंबईची ख्रिस्ती कुटुंबेही आली. पुढे डॉन बॉस्को आणि ऑक्सिलियमच्या शाळा उभ्या राहिल्या. या सर्वांच्या चुलीवर दूध, तांदूळ, सरपण पोहोचवणारा होता भोवतालचा मावळा. पहाटे डोक्यावर भारा घेऊन तो घाटमाथा चढे आणि दुपारी मीठमिरची घेऊन परते.

परंतु शहरांची भूक एवढ्यावर भागली नाही. त्यांना पाणी हवे होते. टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले आणि १९१५ पासून ते पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे पवनेवर धरण झाले. तिकोण्यावरून दिसणारा तो निळा विस्तार पाहून सहलकऱ्यांचे भान हरपते. खाली खोऱ्यातली पिकाऊ जमीन आहे, हे कोणी सांगत नाही. विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिऊ लागले. तेच पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले.

वाडीतल्या विहिरींवर टँकर लागलेले ज्यांनी पाहिले, त्या वसईकर वाचकांना हे दुःख परके वाटू नये.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली एक सुवासिक वाण दिले आणि त्याला येथल्याच नदीचे, इंद्रायणीचे, नाव ठेवले. लोणावळ्याहून परतताना चिक्कीबरोबर हा तांदूळही अनेकजण विकत घेतात. तिकोणा पेठेच्या परिसरातील खाचरांत आषाढात त्याचीच लावणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात, इरली पांघरून, धरणाकडे पाठ करून.