ब्रिटनमधील गोमंतकीय आणि कौटुंबिक व्हिसा : एक तारीख, दोन नियम

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेला गोमंतकीय पूर्वी पत्नी-मुलांना तेथे बोलावून घेई, तो युरोपीय महासंघाच्या मुक्त संचाराच्या हक्काने. उत्पन्नाची किमान मर्यादा नव्हती की इंग्रजीची परीक्षा नव्हती. ब्रिटन महासंघातून बाहेर पडला, ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि त्याबरोबर हा हक्कही संपुष्टात आला. तथापि तो सर्वांचा सारखा संपला नाही. स्विंडन वा साउथहॉलमध्ये एकाच ठिकाणी, एकाच पगारावर राबणाऱ्या दोघा गोमंतकीयांपैकी एकाची पत्नी विनाशुल्क परवान्यावर येऊ शकते, तर दुसऱ्याच्या पत्नीपुढे २९ हजार पौंडांच्या वार्षिक उत्पन्नाची अट उभी राहते. हा फरक पासपोर्टमुळे पडत नाही. तो तारखेमुळे पडतो.

पोर्तुगीज नागरिकत्वाचा आधार

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात झाली की पुढे त्यांच्या वंशजांनाही मार्ग खुला होतो. या नोंदणीने पोर्तुगालचा नागरिक होता येते. ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मात्र आता त्यातून आपोआप मिळत नाही. २०२० नंतर प्रथमच ब्रिटनला जाऊ पाहणारा पोर्तुगीज नागरिक हा तेथे इतर परदेशी नागरिकांसारखाच आहे. फिरण्यासाठी जाताना त्याला व्हिसा लागत नाही, पण २ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमती घ्यावी लागते. तेथे नोकरी करायची वा स्थायिक व्हायचे, तर स्वतंत्र व्हिसा हवाच.

२०२० पूर्वीचे नाते

जे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहत होते त्यांच्यासाठी ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ करण्यात आली. तिची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. त्यानंतरच्या अर्जासाठी विलंबाचे सबळ कारण दाखवावे लागते. पाच वर्षांचे सलग वास्तव्य असणाऱ्यास ‘सेटल्ड स्टेटस’ व त्याहून कमी असणाऱ्यास ‘प्री-सेटल्ड स्टेटस’ मिळतो.

अशा व्यक्तीच्या जवळच्या आप्तांना आजही या योजनेखाली येता येते. त्यांत तीन गट मोडतात. पहिला, पती वा पत्नी. मात्र हे नाते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुळलेले असले पाहिजे. तोवर विवाह झाला नसेल, तर टिकाऊ सहजीवनाचा पुरावा द्यावा लागतो व त्यासाठी सामान्यतः दोन वर्षे एकत्र राहिल्याचे दाखवणे अपेक्षित असते. नुसता साखरपुडा झाला होता, एवढ्याने सहसा भागत नाही. दुसरा गट २१ वर्षांखालील मुलांचा. मूल २०२० नंतर जन्मले असले तरी चालते. २१ वर्षांवरील मुलांना आपण आईवडिलांवर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते. तिसरा गट अवलंबून असलेल्या आईवडिलांचा.

गोव्यातून अर्ज करताना प्रथम ‘फॅमिली परमिट’ घ्यावे. त्यास शुल्क नाही. ब्रिटनला पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टेटससाठी अर्ज करणे आवश्यक असते. परमिट मिळाले म्हणजे काम झाले, असे समजून ही दुसरी पायरी चुकवू नये.

२०२० नंतरचा विवाह

नाते २०२१ वा त्यानंतर जुळले असेल, तर ब्रिटनचा सर्वसाधारण कौटुंबिक व्हिसा हाच मार्ग. सेटल्ड वा प्री-सेटल्ड स्टेटस असलेली व्यक्ती तसेच ब्रिटिश नागरिक आपल्या जोडीदारासाठी हमीदार होऊ शकतात. त्याच्या मुख्य अटी अशा :

• किमान वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड. ११ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा १८,६०० पौंड होती. प्रथम प्रवेशाच्या वेळी हमीदाराच्याच नोकरीचे उत्पन्न धरले जाते. पत्नीची गोव्यातील नोकरी हिशेबात येत नाही.
• उत्पन्न नसल्यास किमान ८८,५०० पौंडांची बचत सहा महिने हाताशी असावी.
• अर्जदारास इंग्रजीची प्राथमिक, म्हणजे ए-१ पातळीची परीक्षा व क्षयरोग तपासणीचा दाखला.
• आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. हा व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. त्यासाठी ३,१०५ पौंड आगाऊ भरावे लागतात. अर्जाचे शुल्क वेगळे.

हमीदारास अपंगत्व वा शुश्रूषेशी संबंधित ठरावीक शासकीय भत्ते मिळत असतील, तर उत्पन्नाचा हा आकडा लागू होत नाही. कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो एवढे दाखवणे पुरते. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच पती-पत्नीचा व्हिसा घेऊ, असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. नियमानुसार असा बदल करता येत नाही.

वृद्ध आईवडील

सर्वांत कठीण वाट यांची. हमीदार २०२० पूर्वीच्या योजनेत बसत नसेल, तर २०१२ पासून लागू असलेल्या नियमानुसार आईवडिलांना वय, आजार वा अपंगत्वामुळे दैनंदिन शुश्रूषेची दीर्घकालीन गरज आहे आणि ती शुश्रूषा मायदेशी मिळतच नाही वा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. गोव्यात पैसे पाठवून माणूस ठेवता येत असेल, तर अर्ज तेथेच अडतो. म्हातारपणी एकटे राहणे हे कारण पुरेसे मानले जात नाही.

कागदपत्रांतील अडचणी

पोर्तुगीज पासपोर्टवरील नाव व आडनावांचा क्रम आणि भारतीय दाखल्यांवरील नाव यांत फरक असणे गोमंतकीयांच्या बाबतीत नवे नाही. असा फरक अर्जासोबतच लेखी स्पष्ट करावा. विवाहाच्या तारखेचेही तसेच. निबंधकापुढील सह्या आणि धार्मिक विधी यांच्या तारखा भिन्न असतात. सर्व कागदांवर एकच तारीख नसेल, तर कोणती तारीख कशाची हे नमूद करावे. कारण ३१ डिसेंबर २०२० च्या आसपासच्या विवाहांत सारा निर्णय त्यावरच फिरतो.

अन्य वाटा आणि परतीची वाट

ब्रिटनचे दार अरुंद झाले, तरी महासंघातील आयर्लंड, जर्मनी आदी देशांत पोर्तुगीज नागरिकाचा संचाराचा हक्क कायम आहे. २००४ च्या युरोपीय निर्देशानुसार त्याच्या भारतीय पती वा पत्नीस व मुलांस प्रवेश व्हिसा विनाशुल्क मिळतो. तीन महिन्यांपुढे राहण्यासाठी मात्र नोकरी, व्यवसाय किंवा पुरेशी शिल्लक व आरोग्य विमा आवश्यक असतो.

पासपोर्ट घेण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहावी. भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर गोव्यातल्या स्वतःच्या घरी येण्यासही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. ओसीआयधारकास मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जोडीदार परदेशी वंशाचा असल्यास नोंदणीकृत विवाहास सलग दोन वर्षे झाल्यावरच त्याला ओसीआयसाठी अर्ज करता येतो.

म्हणून घरात कोणी पोर्तुगीज नोंदणीचा विचार करत असेल, तर आधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत : कुटुंबातील कोण ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहत होते, विवाह कधी झाला आणि मागे गोव्यात कोण राहणार आहे. दलालाकडे पैसे भरण्यापूर्वी ही उत्तरे हाती असली, तर कुटुंबाची वर्षानुवर्षांची ताटातूट टाळता येण्यासारखी असते.