पुढच्या मॉडेलची वाट पाहणाऱ्यांना

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा आत्ता घ्यावा की नंतर, असं धंद्यातल्या कुणालाही विचारा. उत्तर बहुतेक एकच येतं : थोडं थांबा, पुढचं मॉडेल येतंय. लग्नाचं शूटिंग करणारे, माहितीपट करणारे, कंपन्यांच्या फिल्म काढणारे, सगळे हा सल्ला एकमेकांना देतात आणि सल्ला देणाऱ्याला शहाणा समजलं जातं. माझ्या मते हा सल्ला बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे आणि त्याने नव्याने धंद्यात उतरलेल्या मुलांचं खरोखरचं नुकसान होतं.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो मूर्खपणाचा नाही. थांबा म्हणणारे म्हणतात की कॅमेरा ही उतरत्या किमतीची वस्तू आहे. नवं मॉडेल जाहीर झालं की जुन्याचा भाव पडतो, दुकानातही आणि सेकंडहॅण्ड बाजारातही. पाच लाखांचा कॅमेरा हप्त्यावर उचलला आणि सहा महिन्यांत त्याचा वारस आला, तर हप्ते जुन्या भावाचे आणि वस्तू नव्या भावाची अशी गत होते. शिवाय नव्या मॉडेलमध्ये काही ना काही खरंच सुधारलेलं असतं. मग चार-सहा महिने कळ काढली तर बिघडलं काय? थांबण्यात तोटा नाही, झाला तर फायदाच.

या सगळ्या युक्तिवादाचा भार शेवटच्या वाक्यावर आहे, आणि तेच वाक्य खोटं आहे. थांबणं फुकट नसतं.

गेल्या वीस वर्षांतला या धंद्याचा इतिहास पाहा. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतल्या रेड कंपनीने स्कार्लेट नावाचा कॅमेरा जाहीर केला : थ्री-के चित्र, तीन हजार डॉलरच्या आत. छोट्या निर्मात्यांच्या दृष्टीने हे स्वप्नच होतं, आणि जगभर अनेकांनी खरेदी लांबणीवर टाकली. त्यानंतर रूप बदललं, तारखा बदलल्या, किंमत बदलली. ३ नोव्हेंबर २०११ ला स्कार्लेट-एक्स आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. तीन हजारांतलं मूळ छोटं मॉडेल बाजारात आलंच नाही. म्हणजे जे थांबले, ते साडेतीन वर्षं थांबले आणि ज्यासाठी थांबले ते त्यांना मिळालं नाही.

याच काळात, सप्टेंबर २००८ मध्ये, कॅननने फाइव्ह-डी मार्क टू जाहीर केला. खरं तर तो स्टिल कॅमेरा. व्हिडिओच्या दृष्टीने त्यात उणिवा भरपूर होत्या. सुरुवातीला तो सेकंदाला ३० फ्रेमच घ्यायचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि टीव्ही २५ फ्रेमचा, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायचं. २४ आणि २५ फ्रेमची सोय मार्च २०१० मध्ये फर्मवेअरमधून आली. आवाजाची व्यवस्था तर नावापुरतीच. पण ज्यांनी तो उणिवांसकट उचलला त्यांनी मधल्या काळात कामं केली, रील तयार केली, ग्राहक जोडले. मे २०१० मध्ये ‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला लोकांनी पाहिला. स्कार्लेटची वाट पाहणारे तेव्हा अजून वाटच पाहत होते.

हे एखाद्या कंपनीपुरतं नाही. ब्लॅकमॅजिकने पहिला सिनेमा कॅमेरा एप्रिल २०१२ मध्ये जाहीर केला, जुलैत देऊ म्हणाले. बहुतेकांच्या हाती तो २०१३ उजाडल्यावर पडला. उर्सा मिनी ४.६के एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला. पुढच्या वर्षी तो बाहेर पडला तेव्हा जाहिरातीतलं ग्लोबल शटर गाळलेलं होतं. सोनीचा ए७एस २ हा २०१५ सालचा आणि ए७एस ३ जुलै २०२० चा. मधली काही वर्षं ‘यंदा नक्की येतोय’ ही बातमी दरवर्षी फिरत होती, आणि दरवर्षी कुणीतरी तिच्यावर विसंबून सीझन घालवत होतं.

एफएस७ ची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. सोनीने हा कॅमेरा सप्टेंबर २०१४ मध्ये आणला. माहितीपट आणि जाहिरात या दोन्ही क्षेत्रांत तो इतका रुळला की २०१६ मध्ये घेणाऱ्याला लोक सांगू लागले, आता दोन वर्षं झाली, वारस येईलच. वारस आलाही : नोव्हेंबर २०१६ मध्ये एफएस७ २. त्यात माउंटची पकड पक्की झाली होती आणि अंगचा व्हेरिएबल एनडी फिल्टर आला होता. उन्हातून मांडवात शिरताना त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण सेन्सर तोच होता, चित्र तेच होतं आणि किंमत जास्त होती. चित्रात फरक पडावा असा कॅमेरा, एफएक्स९, सप्टेंबर २०१९ मध्ये आला. २०१६ मध्ये थांबलेल्या माणसाने नेमकं कशासाठी थांबायला हवं होतं? आणि तीन वर्षं थांबायला हवं होतं की नाही, हे त्याला त्या वेळी कळण्याची सोय काय होती? थांबणारा माणूस एका कॅमेऱ्याची तुलना दुसऱ्या कॅमेऱ्याशी करत नसतो. तो हातात येऊ शकणाऱ्या वस्तूची तुलना एका बातमीशी करत असतो, आणि त्या तुलनेत बातमीच जिंकते, कारण बातमीतल्या कॅमेऱ्यात उणिवा नसतात.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतो, प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा बॉडी पाच लाखांची आहे आणि तीन वर्षांनी ती निम्म्या भावात जाईल. म्हणजे घसारा अडीच लाख. हप्त्याचं व्याज आणि विमा मिळून ८०,००० धरा. तीन वर्षांचा मालकीचा खर्च झाला ३,३०,०००. वर्षाला ५० दिवस शूट असेल तर दिवसाला २,२०० रुपये पडतात. तोच कॅमेरा भाड्याने दिवसाला ५,००० ला मिळतो असं धरू. पुढच्या मॉडेलसाठी आठ महिने थांबलात, तर मधल्या ३३ दिवसांचं भाडं १,६५,००० होतं. इथे प्रतिपक्ष म्हणेल, त्या आठ महिन्यांत मालकीचा खर्च वाचला तो वजा करा. रास्त आहे, ७२,६०० वजा केले. तरी ९२,४०० रुपये जास्तीचे गेलेच. नवं मॉडेल आल्यावर जुन्याचा भाव पन्नास हजारांनी पडला आणि तुम्ही तो पकडलात, असं मानलं तरी बेचाळीस हजारांचा खड्डा उरतो. नवं मॉडेल वेळेवर आलं, असं धरून हा हिशेब आहे.

भाड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी आकड्यांत मावत नाही. लग्नाची दाट तिथी सगळ्यांची एकच असते. त्या दिवशी पुण्या-मुंबईतल्या रेंटलकडेसुद्धा मागाल तो कॅमेरा मिळेल याचा भरवसा नसतो. नाशिक-सांगलीकडच्या माणसाने तर आदल्या दिवशी आणायला गाडी पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायला पाठवायची.

याच हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. वरच्या आकड्यांनुसार तीन वर्षांत ६६ दिवस, म्हणजे वर्षाला २२ दिवस, ही सीमारेषा आहे. त्याहून कमी शूट असणाऱ्याने कॅमेरा घेऊच नये. आज नाही, पुढचं मॉडेल आल्यावरही नाही. भाड्याने आणावा आणि तो पैसा लेन्स, माइक, ट्रायपॉड यांत घालावा. कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. त्या माउंटच्या लेन्स फाइव्ह-डीवर चालल्या, सी३०० वर चालल्या आणि अडॅप्टर लावून आजही चालतात. तेवढ्या काळात बॉडीच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या! ज्याचं काम २२ दिवसांच्या आत आहे त्याला ‘थांबा’ म्हणणं बरोबर ठरतं, पण कारण वेगळं असतं. त्याला थांबवायचं ते काम वाढेपर्यंत.

जुनं मॉडेल लगेच बाद होतं, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. अ‍ॅरीचा अलेक्सा २०१० मध्ये आला. ‘ह्यूगो’, ‘लाइफ ऑफ पाय’, ‘स्कायफॉल’ हे चित्रपट त्याच्यावर झाले. पहिल्या दोघांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. त्याच्या सेन्सरची मूळ रचना कंपनीने २०२२ मध्ये अलेक्सा ३५ आणेपर्यंत मोडीत काढली नाही. दरम्यान इतर कंपन्यांनी फोर-के, सिक्स-के, एट-के असे आकडे चढवत नेले. अलेक्साची मागणी टिकली ती चेहऱ्याचा रंग आणि उजेडातला तपशील तो ज्या रीतीने धरतो त्यामुळे.

तरीही अलेक्साच्याच बाबतीत एक खरी अडचण झाली, आणि ती मला टाळायची नाही. नेटफ्लिक्सने आपल्या मूळ निर्मितीसाठी फोर-के सेन्सरची अट घातली आणि मूळचा अलेक्सा मंजूर कॅमेऱ्यांच्या यादीबाहेर राहिला. सोनीचा एफएक्स३ आणि ए७एस ३ यांचं चित्र जवळजवळ सारखं असूनही त्या यादीत एफएक्स३ आहे, ए७एस ३ नाही. काम देणाऱ्याने अट लेखी कळवली असेल, तर त्या अटीत बसणारा कॅमेरा येईपर्यंत थांबणं योग्यच आहे. पण आपल्यापैकी किती जणांच्या हातात अशी लेखी अट असते? बहुतेकांनी ‘ग्राहक मागतील’ या कल्पनेनेच धास्ती घेतलेली असते.

दुसरी सवलत मी खऱ्या पिढीबदलाला देतो. जागरण-गोंधळाचं रात्रीचं शूट घ्या. अंगणात दिवटी पेटलेली, गोंधळ्याच्या चेहऱ्यावर हलता पिवळा उजेड, मागे घरातली माणसं अंधारात. एफएस७ चा लॉगमधला मूळ आयएसओ २०००. त्यावर अंधारातली माणसं काळ्या डागासारखी येतात, आणि उजळायला जावं तर दाणे उठतात. दिवा लावावा तर गोंधळाचं वातावरणच जातं. २०२० च्या एफएक्स६ मध्ये ८०० आणि १२,८०० असे दोन मूळ आयएसओ आहेत. वरच्या पायरीवर दिवटीच्याच उजेडात संबळ वाजवणाऱ्याचा हात, आजीची मान डोलणं, झोपाळलेलं पोर, सगळं दिसतं. अशी कामं घेणाऱ्याला हा फरक पैसे मोजून घ्यावा असाच आहे. पण तो त्याने का घ्यावा? त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने त्याचं एक विशिष्ट काम हातचं जात होतं म्हणून. दिवसा कारखान्यात मुलाखती घेणाऱ्याला त्याच कॅमेऱ्यासाठी एक दिवसही थांबायचं कारण नव्हतं.

उलट टोकाचे लोकही आहेत, येईल ते पहिल्याच आठवड्यात घेणारे. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. नव्या मॉडेलचं फर्मवेअर कच्चं असतं आणि काही सोयी मागाहून येतात. एफएक्स३ फेब्रुवारी २०२१ चा, पण त्यात सिने ईआय २०२२ मध्ये आलं. नवं मॉडेल आल्यावर खरा फायदा होतो तो जुनं घेणाऱ्याचा : भाव उतरलेला, फर्मवेअर पिकलेलं, बॅटऱ्या आणि कार्डं सगळीकडे मिळणारी. पण तेवढ्यासाठी हातचं काम सोडून बसू नये.

मग तारीख कशावरून ठरवायची? आपल्या कामाच्या डायरीवरून आणि आपल्या इथल्या वर्षचक्रावरून. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, त्याआधी कॅमेरा हातात हवा. करांचाही विचार करावा. आयकराच्या नियमाप्रमाणे एखादी वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी घसारा निम्म्या दरानेच मिळतो. यंत्रसामग्रीचा सर्वसाधारण दर १५ टक्के, तो साडेसातवर येतो. म्हणजे सप्टेंबरअखेर घेतलेला कॅमेरा आणि दिवाळीत घेतलेला कॅमेरा यांत कागदावर फरक आहे. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्याला ही वजावट वेगळी मिळत नाही, त्याने हा मुद्दा सोडून द्यावा. कराच्या दरासाठी थांबणं मात्र क्वचित फार मोलाचं ठरतं. २२ डिसेंबर २०१८ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेरे आणि व्हिडिओ कॅमेरा रेकॉर्डर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०१९ पासून तो दर लागू झाला. चार लाखांच्या मूळ किमतीवर हा चाळीस हजारांचा फरक. नोंदणी नसलेल्या, म्हणजे भरलेला कर परत न मिळणाऱ्या कॅमेरामनने तेव्हा दहा दिवस थांबणं अगदी बरोबर होतं : निर्णय जाहीर झाला होता, तारीख ठरली होती, रक्कम माहीत होती. मॉडेलच्या अफवेत या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते.

आणि घ्यायचा तो सीझनच्या तोंडावर नव्हे, निदान तीन आठवडे आधी. लॉगमध्ये शूट करायचं तर एक्सपोजर नव्याने हातात बसावं लागतं. एस-लॉग३ मध्ये मधला राखाडी ४१ टक्क्यांवर बसतो आणि पांढरा कागद ६१ वर. हळदीत माखलेला चेहरा, मागे पांढरा सदरा आणि वर मांडवातले एलईडी अशी फ्रेम समोर आली की झेब्रा कुठे लावायचा हे मेनू उघडून शोधायला वेळ नसतो. एलईडीचं लुकलुकणं कोणत्या शटरवर थांबतं, बॅटरी किती तास जाते, कुठलं कार्ड मध्येच थांबतं, हे घरी, गच्चीवर, शेजारच्यांच्या वाढदिवसात तपासून घ्यावं. वॉरंटीत बदलून घेण्यासारखा दोष असेल तर तोही याच दिवसांत सापडतो, आणि तेव्हा हातात अ‍ॅडव्हान्स घेतलेलं लग्न नसतं.