दाढीचं पाणी

आजचा विषय अगदी घरगुती आहे. इलेक्ट्रिक शेव्हर घ्यावा की साबण, ब्रश आणि ब्लेडच बरं? दुकानात उभं राहून आपण हा प्रश्न बहुधा किमतीवर सोडवतो. इतिहासात तो सुटला पाण्यावर. माणसाला पाणी किती मिळतं, कोमट मिळतं की गार, आणि दाढी करताना तो कुठे बसलेला असतो, यावर.

सुरुवात आपल्या गावापासून करू. बारा बलुतेदारांतला न्हावी धोकटी काखेत मारून दारी यायचा. धोकटीत वस्तरा, धार लावायला चामड्याचा पट्टा, वाटी, आरसा. ओसरीवर समोरासमोर बसायचं आणि वाटीभर पाण्यात अख्खी दाढी. साबण असायचाच असं नाही. पाणी लावून बोटांनी गाल चोळत राहायचं. ते चोळणं उगीच नव्हतं. केस पाणी शोषतो, दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो आणि कापायला खूपच कमी जोर लागतो. ओल्या दाढीचं सगळं शास्त्र त्या एका वाटीत होतं. मोबदला म्हणून सुगीला धान्य. आणि हा वस्तरा नुसता दाढीपुरताही नव्हता: १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिकांचा संप घडवून आणला, विधवांच्या केशवपनाला हात लावायचा नाही म्हणून. पण त्यावर एक वेगळा भागच करावा लागेल.

आता अमेरिकेत जाऊ. किंग जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. किंग हा किताब नाही बरं का, नावच. बाटलीचं पत्र्याचं बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो नोकरीला होता. लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी काढ, हा सल्ला त्याला तिथेच मिळाला. त्यातून पातळ, दुधारी पातं सुचलं. इतक्या पातळ पोलादाला धार टिकणार नाही असं जाणकार म्हणत होते. विल्यम निकर्सन या इंजिनिअरनं ते जमवून दाखवलं. १९०३ मध्ये विक्री किती झाली? ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझर गेले ९० हजारांवर. मग पहिलं महायुद्ध आलं. विषारी वायूचा मुखवटा दाढीवर नीट घट्ट बसत नाही, त्यामुळे गुळगुळीत गाल ही जीव वाचवण्याची बाब झाली. अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. घरी परतलेल्या त्या सैनिकांना रोज आपली आपण दाढी करायची सवय लागली होती. न्हाव्याचं रोजचं काम तिथेच आटायला लागलं.

पण ब्लेडला पाणी लागतं, आणि इथे जेकब शिक येतो. हा अमेरिकी सैन्यातला अधिकारी. अलास्कात नोकरी केलेली, नंतर सोन्याच्या शोधात कॅनडाच्या बर्फाळ मुलखात गेलेला. तिथे पाय दुखावला आणि कडाक्याच्या थंडीत छावणीत अडकून पडला. दाढी करायची तर आधी बर्फ वितळवा, पाणी तापवा. पाणी, साबण काहीच न लागणारं यंत्र त्याच्या डोक्यात तिथे शिरलं. त्याच्या पहिल्या नमुन्यात मोटर एका हातात आणि कापणारं डोकं दुसऱ्या हातात धरावं लागे! एका हातात मावणारं यंत्र बाजारात आलं १९३१ मध्ये, किंमत २५ डॉलर. ऐन महामंदी. पहिल्या वर्षी जेमतेम तीन हजार विकले गेले. शिक मात्र हटला नाही. १९३९ मध्ये फिलिप्सच्या अलेक्झांडर होरोविट्झनं गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र आणलं. आज दुकानात दिसणारे दोन्ही वंश त्याच दशकातले.

या यंत्रात एक गंमत आहे. पातं कातडीला लागतच नाही. मध्ये बारीक छिद्रांची पातळ जाळी असते. केस छिद्रातून आत येतो आणि आतलं पातं तो कापतं. म्हणजे जाळीच्या जाडीइतका खुंट मागे राहणारच. ज्यांचे केस कुरळे असून कातडीत वळतात, पुळ्या येतात, त्यांना हा खुंट फायद्याचा. ज्यांना गाल तुळतुळीत हवा त्यांची मात्र कायम तक्रार.

भारतात मग काय झालं? शिकच्या यंत्राला भिंतीतली वीज हवी. आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याची घोषणा व्हायला २०१८ साल उजाडलं. शेवटचं गाव मणिपूरमधलं लेइसांग. ब्लेडला तारा लागत नाहीत, तेव्हा ब्लेडच जिंकणार होतं.

पण कसलं ब्लेड? २००२ मध्ये जिलेट कंपनीनं भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर काढला. चाचणी घेतली अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलं खूश. इथे आल्यावर रेझर तुंबायला लागला. कारण काय, तर त्या मुलांच्या खोलीत वाहता नळ होता, आणि इथला गिऱ्हाईक जमिनीवर बसून, समोर आरसा टेकवून, पेलाभर पाण्यात रेझर बुडवत होता. पेल्यात हलवून दोन पात्यांमधले केस निघत नाहीत. आपल्या न्हाव्याची ती वाटी कुणाच्या लक्षातच आली नव्हती! मग कंपनीची माणसं घरोघरी येऊन बसली आणि २०१० मध्ये गार्ड आला: एकच पातं, धुवायला सोपं, दांड्याला खिळ्यावर अडकवायला भोक. रेझर १५ रुपयांना, पातं ५ रुपयांना.

तेव्हा दुकानात जाण्याआधी आपली सकाळ आठवा. नळाला पाणी किती वेळ असतं, घाई किती, कातडी कशी. गावाकडे पाण्याची टंचाई असेल, प्रवास फार असेल, तर चार्ज होणारं यंत्र घ्या. दहा मिनिटं निवांत मिळत असतील तर ब्रश घ्या आणि फेस गालावर दोन मिनिटं राहू द्या, वाटीतल्या पाण्यासारखा. मला विचाराल तर मी ब्रशवाला. २०२० च्या टाळेबंदीत, सलून बंद असताना, आमच्या घरीही ट्रिमर आला. अजून आहे. कल्ले त्यानंच सारखे करतो, गालाला मात्र तो लावत नाही.